प्रिंटरला दिसतं, सर्व्हरला दिसत नाही : साखर कारखान्याच्या काट्यावरचं एक प्रकरण

हे प्रकरण निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या एका साखर कारखान्यातलं. कारखान्याचं नाव लिहीत नाही. मी बेळगावात राहतो. उद्यमबागेतल्या फौंड्र्या, खानापूर-निपाणीकडच्या पतसंस्था, असे दोनतीन कारखाने, यांची नेटवर्कची कामं करतो. इथे जे बिघडलं त्यातला मोठा वाटा माझाच होता. म्हणूनच ते बारकाईने लिहावंसं वाटलं. नेटवर्कच्या स्विचला, म्हणजे संगणक एकमेकांना जोडणाऱ्या डब्याला, पत्ता देण्याबद्दल भरपूर वाचायला मिळतं. पण पत्ता अगदी बरोबर देऊनही काम कसं अडतं, हे मला या काट्यावर उभं राहून शिकावं लागलं.

मांडणी

कारखान्याचं जाळं तीन व्हीलॅनमध्ये, म्हणजे एकमेकांपासून वेगळ्या ठेवलेल्या तीन गल्ल्यांत, विभागलेलं आहे. ऑफिस व्हीलॅन १० मध्ये, ऊस तोलायचा काटा २० मध्ये, कॅमेरे ३० मध्ये. पत्तेही त्याच आकड्यांचे: १९२.१६८.१०.०, १९२.१६८.२०.० आणि १९२.१६८.३०.०, तिन्हींना मास्क (पत्त्याचा कितवा भाग गल्लीचा हे सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.०. व्हीलॅनचा नंबर आणि पत्त्यातला तिसरा आकडा एकच ठेवला की रात्री-अपरात्री डोकं कमी शिणतं. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमपत्राप्रमाणे खासगी वापरासाठी राखलेले आहेत, त्यामुळे आतल्या आत ते कसेही वाटता येतात.

काट्याच्या दोन केबिनी मेन गेटजवळ, ऑफिसपासून चारेकशे मीटरवर. तांब्याची इथरनेट केबल शंभर मीटरपर्यंतच, म्हणून मध्ये फायबर टाकलेली. एका काट्यावर भरलेली गाडी चढते, ऊस गव्हाणीत रिकामा करून आली की दुसऱ्यावर मोकळी गाडी चढते. फरक म्हणजे उसाचं वजन. काट्याच्या इंडिकेटरपासून संगणकापर्यंत सिरीयल केबल, संगणकापासून ऑफिसातल्या सर्व्हरपर्यंत नेटवर्क, आणि सर्व्हरने होकार दिला की पावती छापून येते. त्या पावतीवर शेतकऱ्याचं बिल, तोडणी टोळीची मजुरी आणि वाहतूकदाराचं भाडं निघतं. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. ते दिवस मोजायचे तेही पावतीवरच्या तारखेपासून. काटा बंद पडणं हे प्रिंटर बंद पडण्यासारखं नसतं.

तिन्ही व्हीलॅनना जोडायला पूर्वी एक जुना राउटर होता. एकाच केबलवर तीन उप-इंटरफेस करून तो गल्लीगल्लीची वाहतूक इकडून तिकडे करायचा. परतीच्या पावसात वीज पडली आणि त्याचं पोर्ट जळालं. हंगाम तोंडावर होता. मी सुचवलं की राउटर परत आणण्यापेक्षा तिसऱ्या थराचा स्विच घ्या, तोच मधली वाहतूकही करेल. कारखान्याने वेगळ्या कंपनीचा एक चोवीस पोर्टांचा स्विच मागवला आणि मोळी टाकायच्या, म्हणजे गाळप सुरू करायच्या, दोन दिवस आधी मी तो रॅकमध्ये बसवला.

पत्ता कुणाला द्यायचा

नव्या मुलांचा इथे हमखास गोंधळ होतो, म्हणून थोडं थांबून सांगतो. स्विचचं पोर्ट मुळात दुसऱ्या थरात काम करतं. त्याला फक्त मॅक पत्ते, म्हणजे यंत्राच्या नेटवर्क कार्डाचे स्वतःचे पत्ते, कळतात. अशा पोर्टवर आयपी पत्ता द्यायला गेलं तर स्विच सरळ नकार देतो. पत्ता द्यायचा तो व्हीलॅनच्या आभासी इंटरफेसला. पोर्ट म्हणजे दार, व्हीलॅन म्हणजे गल्ली, आणि हा आभासी इंटरफेस म्हणजे गल्लीच्या तोंडाचं घर: गल्लीतल्या कुणालाही बाहेर पाठवायचं काही असलं की ते त्या घरी नेऊन द्यायचं. पोर्टलाच पत्ता द्यायचा असेल तर आधी त्याचं स्विचपण काढून घ्यावं लागतं. दोन इमारतींमधल्या थेट जोडणीसाठी ते बरं, पण इथे त्याची गरज नव्हती.

मी केलं ते असं. तीन व्हीलॅन तयार केले, पोर्टं वाटून दिली, काट्याकडे आणि कॅमेऱ्यांकडे जाणाऱ्या फायबरच्या पोर्टांवर नेमके हवे तेच व्हीलॅन सोडले. मग इंटरफेस व्हीलॅन १० ला १९२.१६८.१०.१, वीसला १९२.१६८.२०.१, तीसला १९२.१६८.३०.१. जुन्या राउटरचे होते तेच पत्ते, म्हणजे संगणकांवरचा गेटवे, गल्लीबाहेरचं पाकीट ज्याच्याकडे द्यायचं तो पत्ता, बदलायला नको. प्रत्येक इंटरफेस 'नो शटडाऊन' करून उठवला आणि शेवटी स्विचवर आयपी राउटिंग चालू केलं. ही शेवटची ओळ विसरली तर पत्ते सगळे दिसतात, पण एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत काही जात नाही. कमांडचे शब्द कंपनीगणिक थोडे बदलतात, क्रम हाच.

व्हीलॅन ३० चा इंटरफेस बराच वेळ उठेना. पत्ता होता, शटडाऊन नव्हतं, तरी लाइन प्रोटोकॉल डाउन. घाबरण्यासारखं काही नव्हतं. आभासी इंटरफेस उठायला तो व्हीलॅन स्विचवर तयार असावा लागतो आणि त्यातलं निदान एक पोर्ट खरोखर चालू असावं लागतं, नुसतं चालू नव्हे तर स्पॅनिंग ट्रीने (जाळ्यात वेटोळं होऊ न देणाऱ्या व्यवस्थेने) फॉरवर्डिंगला सोडलेलं. कॅमेऱ्यांच्या बाजूचा छोटा स्विच तेव्हा बंद होता. वीज विभागाच्या फोरमनमामांनी तिकडची एमसीबी वर केली. जुन्या पद्धतीच्या स्पॅनिंग ट्रीत पोर्ट १५ सेकंद ऐकतं, १५ सेकंद शिकतं. तेवढा अर्धा मिनिट गेला आणि इंटरफेस उठला.

मग चाचणी. स्विचवरून सर्व्हरला, म्हणजे १९२.१६८.१०.५ ला पिंग केलं, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक मारली: उत्तर आलं. स्विचवरून काट्याच्या दोन्ही संगणकांना, २०.११ आणि २०.१२ ला: आलं. ३०.१ तर स्विचचाच. कॉन्फिगरेशन सेव्ह केलं. काट्याच्या केबिनीला कुलूप होतं, किल्लीवाला मुलगा गावी गेलेला. आत संगणक चालू होते आणि पिंगला उत्तर देत होते, तेवढ्यावर मी समाधान मानलं.

निघताना कार्यकारी संचालकांच्या शिपायाने सांगितलं, "साहेबांच्या कॅबिनमधनं कॅमेरे दिसंनात." सुरक्षा खोलीतला टीव्ही रेकॉर्डरला थेट केबलने जोडलेला, तिथे चित्र स्वच्छ होतं. मी म्हटलं, हा कॅमेऱ्यांचा वेगळा विषय आहे, उद्या-परवा बघू. तो वेगळा विषय नव्हता. दोन दिवस आधी हातात आलेला धागा मी तिथेच सोडला.

पहाटेचा फोन

मोळीच्या दिवशी पहाटे साडेपाचला काट्यावरच्या मुलाचा फोन आला. "सर, काटा लागंना झालाय. वजन दिसतंय, पण सर्व्हर मिळंना म्हणतंय. बाहेर गेटपर्यंत लाइन आलीय बघा."

वंटमुरीचा घाट, हत्तरगीचा टोलनाका, संकेश्वर, तवंदीचा घाट. पोचेस्तोवर सात वाजले. गेटबाहेर ट्रॅक्टर आणि त्यांच्यामागे दोन-दोन ट्रॉल्या, चालक शेकोटीभोवती. बैलगाड्या वेगळ्या रांगेत. केबिनमध्ये मुलगा हातपावत्या लिहीत होता आणि खिडकीत चारपाच माणसं वाकून त्याच्या पेनाकडे बघत होती. कुणी भांडत नव्हतं, पण हाताने लिहिलेल्या वजनावर कुणाचं मन बसत नाही. एक म्हातारे शेतकरी मला एवढंच म्हणाले, "लवकर करा ओ साहेब. ऊस वाळायलाय." तोडलेला ऊस तासातासाने हलका होतो, आणि तो हलका होतो शेतकऱ्याच्या खात्यातून.

मी त्या मुलाच्या खुर्चीत बसलो. दोन दिवसांपूर्वी बसायला हवं होतं तीच खुर्ची.

२०.१ ला पिंग: उत्तर. १०.१ ला पिंग: उत्तर. म्हणजे फायबर ठीक, व्हीलॅन ठीक, गेटवे ठीक. १०.५ ला पिंग: चारही वेळा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. मग ऑफिसातल्या प्रिंटरला, १०.३० ला पिंग केलं. लगेच उत्तर!

हे उत्तर आल्यावर मी जरा गप्प बसलो. प्रिंटर आणि सर्व्हर एकाच गल्लीत, एकाच स्विचवर, शेजारशेजारच्या पोर्टवर. काट्यावरून एकापर्यंत पोचता येतं आणि दुसऱ्यापर्यंत नाही. याचा अर्थ स्विचमधली वाट शाबूत आहे. म्हणजे दोष सर्व्हरच्या बाजूला. मला वाटलं सर्व्हरचा फायरवॉल, परक्यांना अडवणारा पहारेकरी, आडवा येतोय. ऑफिसात जाऊन फायरवॉल दोन मिनिटं बंद करून पाहिला. फरक शून्य. वीस मिनिटं त्यात गेली.

उलट दिशेने

स्विच सर्व्हरला पिंग करू शकतो आणि काटा करू शकत नाही, हे कोडं सुटलं ते स्विचच्या पिंगला स्वतःचा पत्ता कोणता लावला जातो हे आठवल्यावर. स्विचला तीन पत्ते आहेत. तो जेव्हा १०.५ ला पिंग करतो तेव्हा त्याच गल्लीतला आपला पत्ता, १०.१, पाठवणारा म्हणून लावतो. सर्व्हरच्या दृष्टीने ते शेजाऱ्याचं हाक मारणं. परक्या गल्लीतून आलेल्या हाकेला सर्व्हर ओ देतो का, हे त्या पिंगने तपासलंच जात नाही. मोळीच्या दोन दिवस आधी मी तीनदा हीच अर्धवट चाचणी केली होती.

आता मुद्दाम पाठवणारा पत्ता २०.१ लावून स्विचवरूनच पिंग केलं. उत्तर नाही. पाठवणारा १०.१ लावला. उत्तर आहे. म्हणजे जाणारं पाकीट पोचत होतं, येणारं हरवत होतं.

सर्व्हरवर वायरशार्क, म्हणजे येणारी-जाणारी पाकिटं दाखवणारं सॉफ्टवेअर, होतं. ते चालू केलं आणि काट्यावरच्या मुलाला फोनवर म्हटलं, "तम्मा (कानडीत धाकटा भाऊ), पिंग चालू ठेव." पडद्यावर काट्याची पिंगची पाकिटं येताना स्पष्ट दिसली. आणि प्रत्येकानंतर सर्व्हरची एक हाक: १९२.१६८.२०.११ कोणाकडे आहे? १९२.१६८.१०.५ ला सांगा. परत तीच. परत तीच. कुणी उत्तर देत नव्हतं.

ही हाक तिथे असायलाच नको होती. एआरपीची ही हाक आपल्या गल्लीपुरती असते. समोरच्याचा मॅक पत्ता विचारण्यासाठी, आणि तो समोरचा आपल्याच गल्लीत आहे अशी खात्री असेल तेव्हाच. व्हीलॅनच्या बाहेर ती जात नाही. २०.११ दुसऱ्या गल्लीत आहे. सर्व्हरने ते पाकीट गुमान गेटवेच्या हाती द्यायला हवं होतं. तो २०.११ ला आपला शेजारी समजत होता. मग मी नेटवर्क कार्डाची खिडकी उघडली. मास्कच्या चौकटीत २५५.२५५.०.० होतं.

मास्क एवढंच ठरवतो: पत्त्याचा कितवा भाग जुळला की समोरचा 'आपल्यातला'. २५५.२५५.२५५.० असेल तर १९२.१६८.१० एवढं जुळायला हवं. २५५.२५५.०.० असेल तर नुसतं १९२.१६८ जुळलं की झालं. सर्व्हरच्या लेखी काटा, कॅमेरे, ऑफिस सगळी एकच गल्ली होती. प्रिंटर डीएचसीपीवर (पत्ता आणि मास्क आपोआप देणाऱ्या सोयीवर) होता, त्याला मास्क बरोबर मिळाला होता, म्हणून तो उत्तर देत होता.

हा मास्क चुकून आलेला नव्हता, हेही नमूद करायला हवं. विंडोजमध्ये १९२.१६८ चा पत्ता टाकून पुढच्या चौकटीत गेलं की तो आपणहून २५५.२५५.२५५.० भरतो. कुणीतरी तिथला एक २५५ खोडून शून्य लिहिलेलं होतं. माझा अंदाज असा, की जाळं तीन भागांत तोडलं त्या काळात जुने-नवे पत्ते दोन्ही दिसावेत म्हणून कुणी तात्पुरतं केलं असेल आणि ते तसंच राहिलं असेल.

मग इतकी वर्षं कसं चाललं?

या प्रश्नाचं उत्तर जळालेल्या राउटरमध्ये होतं. तो सिस्कोचा होता. सिस्कोच्या आयओएस या राउटर-प्रणालीमध्ये प्रॉक्सी एआरपी नावाची सोय मुळातच चालू असते. १९८७ च्या आरएफसी १०२७ मध्ये ती लिहिलेली आहे. कुणी परक्या गल्लीतल्या पत्त्यासाठी आपल्या गल्लीत हाक मारली, आणि राउटरला त्या पत्त्याची वाट माहीत असली, तर राउटरच "मी आहे" म्हणून आपला मॅक पत्ता देऊन टाकतो. पाकीट त्याच्याकडे येतं, तो पुढे पोचवतो. सबनेटची, म्हणजे पत्त्यांच्या अशा गल्ल्यांची, कल्पना ज्यांना कळत नव्हती अशा जुन्या यंत्रांसाठी ही सोय केली गेली. आपल्या सर्व्हरची चूक तो राउटर वर्षानुवर्षं निमूटपणे सांभाळून घेत होता, आणि कुणालाच पत्ता नव्हता. नव्या स्विचमध्ये ती सोय मुळात बंद होती. बऱ्याच कंपन्यांच्या स्विचांत ती बंदच असते. त्यामुळे राउटर जळाल्यावर पत्ते तेच राहिले, गेटवे तोच राहिला, पण सांभाळून घेणारा गेला.

संचालकांच्या कॅबिनमधून कॅमेरे न दिसणं हेही तेच होतं. रेकॉर्डरचा मास्कही २५५.२५५.०.० निघाला.

आता दोन वाटा होत्या. एक, स्विचवर व्हीलॅन १० च्या इंटरफेसवर प्रॉक्सी एआरपी चालू करायचा. एक ओळ, दहा सेकंद. दुसरी, सर्व्हर सरळ करायचा. बाहेर रांग वाढत होती. मी पहिली वाट घेतली, तीसवरही तीच ओळ दिली. काट्यावर पावती छापली गेल्याचा आवाज फोनवर ऐकू आला. सर्व्हरवर एआरपीचं टेबल काढून पाहिलं तर २०.११, २०.१२ आणि १०.१, तिन्हींसमोर एकच मॅक पत्ता, तोही स्विचचा. वेगवेगळ्या पत्त्यांसमोर एकच मॅक दिसला की मध्ये कुणीतरी प्रॉक्सी बसलेला आहे, हे ओळखायची ही सोपी खूण. एखाद्या नव्या ठिकाणी काम हातात घेताना मी आता सर्व्हरवर हे टेबल आधी बघतो.

ती ओळ मी सेव्ह केली नाही. विचार असा होता, की तात्पुरती गोष्ट कायमच्या कॉन्फिगरेशनमध्ये नको, रात्री नीट करू. विचार चुकीचा होता. हंगामाच्या पहिल्या दिवशी टर्बाइन ट्रिप होणं, म्हणजे अचानक बंद पडून वीज जाणं, ही नवलाची गोष्ट नाही, आणि सर्व्हर खोलीतल्या यूपीएसची बॅटरी थकलेली आहे हे मला माहीत होतं. दुपारी मी जेवायला म्हणून निपाणीपर्यंत गेलो होतो, तेवढ्यात ट्रिप झालं. स्विच बंद होऊन चालू झाला, चालू स्मृतीतली ओळ गेली, काटा परत थांबला. मी येऊन तीच ओळ परत दिली आणि या वेळी सेव्ह केली. मधली पाऊण तासाची हातपावत्यांची चवड त्या मुलाला संध्याकाळी बसून भरावी लागली.

रात्रीचं काम

संध्याकाळी फोरमनमामा म्हणाले, "चालायलंय न्हवं आता? मग कशाला हात लावता सर? हंगाम संपू दे की."

त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. चालू गाळपात सर्व्हरला हात लावणं धोक्याचंच. पण मी त्यांना म्हटलं, "मामा, हा स्विच उद्या ट्रिपमध्ये जळाला तर तुम्ही बेळगावातून मिळेल तो दुसरा आणून लावणार. लावणारा मी असेन असं नाही. त्याला ही ओळ कोण सांगणार? आज मला दोन तास लागले, तेही मला हे जाळं माहीत असून." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अडीचच्या सुमाराला काट्यावर अर्धा तास गाड्या कमी असतात. तेव्हा करा."

त्या अर्ध्या तासात काय बदलायचं ते आधी कागदावर लिहून काढलं. हे लिहिल्यामुळेच एक खड्डा आधी दिसला. सर्व्हरच्या गेटवेच्या चौकटीत १०.१ नव्हतं, इंटरनेटच्या डब्याचा पत्ता, १०.२५४, होता. आतापर्यंत सर्व्हरला काट्यासाठी गेटवेची गरजच पडत नव्हती, म्हणून ते खपून गेलं होतं. नुसता मास्क सरळ केला असता तर काट्याची पाकिटं इंटरनेटच्या डब्याकडे गेली असती, आणि त्याला व्हीलॅन २० ची वाट माहीत नाही. म्हणून आधी स्विचवर 'बाकी सगळं १०.२५४ कडे' अशी डिफॉल्ट रूट टाकली. इथेही एक फसवी जागा आहे. पुष्कळ स्विचांवर 'डिफॉल्ट गेटवे' नावाची वेगळी कमांड असते, पण ती स्विच नुसता दुसऱ्या थरात चालतो तेव्हापुरती. राउटिंग चालू केलं की सिस्कोसारखे स्विच तिच्याकडे बघतही नाहीत. तिथे रूटच द्यावी लागते.

अडीच वाजता सर्व्हरचा मास्क २५५.२५५.२५५.० आणि गेटवे १०.१ केला. काट्यावरच्या मुलाला विचारलं. "नाही सर. परत गेलं."

पोटात गोळा आला, खोटं कशाला सांगू. वायरशार्क लावला. एआरपीच्या त्या हाका थांबल्या होत्या, म्हणजे मास्क लागू झाला होता. काट्याची पाकिटं येत होती. उत्तर मात्र जात नव्हतं. या वेळी तो फायरवॉलच होता. वजनाच्या सॉफ्टवेअरसाठी केलेल्या नियमात 'स्थानिक सबनेट' एवढ्यांनाच परवानगी होती. स्थानिक म्हणजे काय हे विंडोज मास्कवरूनच ठरवतं. जुन्या रुंद मास्कमुळे काटा स्थानिकांत मोडत होता. मास्क सरळ होताच तो बाहेरचा झाला. सकाळी फायरवॉल निर्दोष ठरवून मी मोकळा झालो होतो, आणि सकाळी तो निर्दोष होताही. नियमात १९२.१६८.२०.० चं सबनेट वेगळं जोडलं.

"आलं सर! पावती आली."

मग व्हीलॅन १० वरचा प्रॉक्सी एआरपी बंद केला आणि त्याला परत विचारलं. चालू. सर्व्हरच्या एआरपी टेबलात आता २० ने सुरू होणारा एकही पत्ता नव्हता, काट्याकडची सगळी ये-जा १०.१ मार्फत. कॉन्फिगरेशन सेव्ह केलं आणि मामांना म्हटलं, आता स्विचची वायर काढून परत लावा. ते माझ्याकडे बघतच राहिले. पण दुपारी जे ट्रिपने केलं ते आपण आता जागेपणी करून पाहिलेलं बरं. स्विच उठला, मिनिटाभराने गल्ल्या उठल्या, आणि दोन्ही काट्यांवरून एकेक खरी गाडी घेऊन, खरी पावती छापून पाहिली. एक भरलेली, एक मोकळी. मामा कानडीत म्हणाले, "आयतु." झालं. मला झोप आली ती त्यांच्या ऑफिसातल्या बाकड्यावर.

राहिलेलं

कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरचा मास्क मात्र तसाच आहे. त्याच्या सेटिंगचा पासवर्ड कुणाकडे नाही. बसवून गेलेल्या माणसाचा फोन लागत नाही. मास्क दिसतो, बदलता येत नाही. 'फॅक्टरी रीसेट' करून तो मूळ स्थितीत आणला तर आधीचं रेकॉर्डिंग हाताशी राहील याची हमी नाही. त्यातले दोन कॅमेरे काट्यावर रोखलेले आहेत, आणि वजनाबद्दल कुणाची तक्रार आली तर तेच बघितलं जातं. हंगाम चालू असताना ते मी करणार नाही. म्हणून व्हीलॅन ३० वर प्रॉक्सी एआरपीची ओळ मुद्दाम चालू ठेवली आहे.

रॅकच्या दाराला आतल्या बाजूने एक कागद चिकटवला आहे. तिन्ही व्हीलॅन, तिन्ही पत्ते, मास्क, कोणत्या पोर्टवर काय, सर्व्हरचा गेटवे, फायरवॉलमधला नियम. तीससमोर लाल पेनने लिहिलंय: रेकॉर्डरचा मास्क चुकीचा आहे, तो सरळ करेपर्यंत ही ओळ काढू नये, काढल्यास ऑफिसातून कॅमेरे दिसणार नाहीत. खाली तारीख. मामांनी तो वाचला आणि पेन मागून घेतलं. रात्रपाळीच्या वायरमनला मराठी वाचता येत नाही म्हणून त्यांनी प्रत्येक ओळीखाली तेच कानडीत लिहून काढलं.